शस्त्राकडून क्रीडासाधनाकडे : महाराष्ट्रातील पिस्तूल नेमबाजी आणि नवशिक्याच्या सुरक्षिततेचा इतिहास – उमरगा परिसराच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

१३ सप्टेंबर १९४८ रोजी पहाटे भारतीय सैन्याने सोलापूरच्या बाजूने हैदराबाद संस्थानाच्या हद्दीत प्रवेश केला. नळदुर्ग येथील बोरी नदीवरील पूल शाबूत अवस्थेत ताब्यात आला, सकाळी जळकोट हाती आले आणि दुपारी सव्वातीनपर्यंत सैन्याच्या तुकड्या उमरग्यात येऊन दाखल झाल्या. गावात ठाण मांडून बसलेल्या रझाकारांचा प्रतिकार अल्पावधीतच मोडून पडला. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरील या गावाच्या इतिहासात बंदूक ही वस्तू प्रथम ठळकपणे दिसते ती अशी. दहशतीचे साधन म्हणून आणि त्या दहशतीतून सुटकेचे साधन म्हणूनही. खेळाचे साधन म्हणून ती या परिसराच्या स्मृतीत नाही.

याच महाराष्ट्रातील कोल्हापूरच्या राही सरनोबत हिने पुढे २०१३ मध्ये कोरियातील चांगवॉन येथील विश्वचषक स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळविले. विश्वचषकात पिस्तूल प्रकाराचे सुवर्ण मिळविणारी ती पहिली भारतीय नेमबाज होय. या दोन घटनांमध्ये अवघ्या पासष्ट वर्षांचे अंतर आहे. या काळात पिस्तूल हे शस्त्र क्रीडासाधन कसे झाले आणि ते प्रथमच हातात घेणाऱ्या मुलामुलीच्या व तिच्या शेजारी उभ्या असणाऱ्याच्या जीविताची हमी कोणत्या मार्गाने निर्माण झाली, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. सुरक्षितता ही साधनात नसते. ती कायदा, संस्था आणि सवय या तिन्हींतून घडत जाते, असे येथे गृहीत धरले आहे. मात्र या तिन्हींची वाढ महाराष्ट्रात सारख्या गतीने झाली नाही आणि त्याची किंमत उमरग्यासारख्या तालुक्यांना मोजावी लागली, हेही नोंदविणे आवश्यक ठरते.

परवाना, संस्थान आणि भीती

ब्रिटिश हिंदुस्थानात १८७८ चा शस्त्र कायदा लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत आला. या कायद्याने भारतीयांना शस्त्र बाळगण्यासाठी परवाना आवश्यक केला आणि युरोपीयांना त्यातून सूट दिली. त्यामुळे शस्त्राचा प्रश्न प्रारंभापासूनच सुरक्षिततेपेक्षा स्वाभिमानाचा प्रश्न म्हणून मांडला गेला. राष्ट्रीय सभेने या कायद्यात दुरुस्ती व्हावी अशी मागणी वारंवार केली. अहिंसेचे पुरस्कर्ते महात्मा गांधी यांनीही या कायद्यावर कठोर टीका केली होती, ही बाब आज अनेकांना आश्चर्याची वाटते. १९३१ च्या कराची अधिवेशनातील मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा समावेश होता. राज्यघटनेत मात्र तो हक्क आला नाही. या वगळण्यामागे फाळणीच्या काळातील हिंसाचाराचा अनुभव असावा, असा तर्क करण्यास जागा आहे.

उमरगा त्या वेळी निजामाच्या राज्यातील उस्मानाबाद जिल्ह्यात होते आणि येथील प्रश्नाचे स्वरूप निराळे होते. रझाकार संघटनेचा नेता कासीम रझवी हा लातूरचा वकील. लातूर तेव्हा याच जिल्ह्यात होते. १९८२ मध्ये लातूर जिल्हा स्वतंत्र झाला. दुसऱ्या बाजूस स्वामी रामानंद तीर्थ यांच्या कार्याचा आरंभ आजच्या लोहारा तालुक्यातील हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेतून झाला. म्हणजे दहशतीचे नेतृत्व आणि तिच्या प्रतिकाराचे नेतृत्व, दोन्ही या जिल्ह्याच्या मातीशी निगडित आहेत. १९४८ साली सिडने कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने कराचीहून हवाई मार्गाने संस्थानात शस्त्रास्त्रे आणली. सरहद्दीवरील छावण्यांतून लढणाऱ्या तरुणांनी मिळतील ती शस्त्रे हाताळली. दोन्हीकडील तरुणांनी शस्त्र शिकले ते घाईत, गुप्तपणे, शत्रूच्या भयाच्या छायेत. तेथे मैदान नव्हते, रेंज ऑफिसर नव्हता, बंदूक रिकामी असल्याची दुसऱ्याकडून खात्री करून घेण्याइतकी उसंत नव्हती. क्रीडानेमबाजीत नवशिक्याला जे प्रथम शिकविले जाते, नेमके तेच त्या शिक्षणात अनुपस्थित होते. यात त्या तरुणांचा दोष नाही. युद्धाचे शिक्षण आणि खेळाचे शिक्षण यांत मूलतःच अंतर असते. परंतु या परिसरात बंदुकीविषयी जी कौटुंबिक आठवण उरली ती त्या शिक्षणाची उरली. मुलीने पिस्तूल शिकावयाचे म्हटल्यावर घरातील वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळावर आठी उमटते, तिची मुळे येथपर्यंत जातात.

स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र अधिनियम संमत होऊन १९६२ मध्ये अंमलात आला. १८७८ च्या कायद्यातील भेदभाव त्याने दूर केला, परंतु परवान्याची चौकट कायम ठेवली. काही बोअरची शस्त्रे निषिद्ध ठरली. ९ मिलिमीटरचे पिस्तूल सामान्य नागरिकाच्या हाती येणार नाही, ही व्यवस्था आजही आहे. या तरतुदीचा महाराष्ट्रातील पिस्तूल नेमबाजीच्या स्वरूपावर खोल परिणाम झाला, त्याची चर्चा पुढे येईल. १९८३ च्या दुरुस्तीने अग्निशस्त्र धारण करण्याची किमान वयोमर्यादा १६ वरून २१ वर्षे झाली. त्याच कायद्याच्या नवव्या कलमात मात्र विहित वय गाठलेल्या अल्पवयीन शिकाऊस विहित अटींवर प्रशिक्षणापुरते शस्त्र वापरण्याची मुभा आहे. धारण करणे आणि शिकणे यांत कायद्याने केलेला हा भेद फारसा चर्चिला जात नाही. राज्यातील आंतरराष्ट्रीय नेमबाजांपैकी अनेकांची कारकीर्द शालेय किंवा महाविद्यालयीन वयात सुरू झाली, ती या फटीतून.

मावळंकर, छात्रसेना आणि वरळी

राष्ट्रीय पातळीवर नेमबाजीची संघटना १९५१ मध्ये उभी राहिली. नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडियाचे पहिले अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर. कोकणातील घराण्याचे, अहमदाबादेत वकिली केलेले, खादीधारी गांधीवादी गृहस्थ बंदुकीच्या खेळाचे अध्यक्ष होतात, हे वरकरणी विसंगत वाटते. कराची ठरावाच्या पार्श्वभूमीवर पाहिल्यास ती विसंगती उरत नाही. परकीय सत्तेने हिरावून घेतलेले कौशल्य शिस्तीच्या व संस्थेच्या चौकटीत नागरिकाला परत देणे, असा त्यामागील विचार दिसतो. त्यांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा पुढे राष्ट्रीय स्पर्धेकडे जाणाऱ्या नव्या नेमबाजांची महत्त्वाची पायरी बनली.

ग्रामीण महाराष्ट्राला बंदूक प्रथम शिस्तीने दाखविली ती मात्र राष्ट्रीय छात्रसेनेने. १९४८ च्या कायद्याने स्थापन झालेली ही संघटना चीन युद्धानंतर १९६३ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी काही काळ सक्तीची झाली. .२२ रायफल, आडवे पडून साधलेला नेम, वाळूच्या पोत्यांचा आधार आणि हिंदीतील आज्ञा या गोष्टी मराठी मुलांच्या ओळखीच्या झाल्या. ‘जाँच शस्त्र’ या आज्ञेचा अर्थ असा की, प्रत्येक छात्राने बोल्ट उघडून शस्त्र रिकामे असल्याचे दाखवावे आणि अधिकाऱ्याने स्वतः पाहून खात्री करावी. बंदूक रिकामी आहे हे सांगून चालत नाही, दाखवावे लागते. आणि पाहणारा दुसरा असावा लागतो. आंतरराष्ट्रीय नेमबाजीची अवघी सुरक्षापद्धती या एका तत्त्वाभोवती उभी आहे. आपल्याकडील हजारो छात्रांनी ती कवायतीचा कंटाळवाणा भाग म्हणून पार पाडली असेल, पण सवय लागते ती अशाच कंटाळवाण्या पुनरावृत्तीतून.

छात्रसेनेतून खेळाकडे जाण्याचा मार्ग मुंबईत अधिक लवकर मोकळा झाला, कारण तेथे वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज होती. कीर्ती महाविद्यालयातील छात्रसेनेची विद्यार्थिनी अंजली वेदपाठक १९८८ मध्ये या रेंजवर आली. संजय चक्रवर्ती यांच्या मार्गदर्शनाखाली ती घडली आणि अंजली भागवत या नावाने २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये एअर रायफलच्या अंतिम फेरीत पोहोचली. सुमा शिरूर आणि दीपाली देशपांडे याच परंपरेतील. या तिघीही रायफलच्या नेमबाज, ही बाब लक्षणीय आहे. महाराष्ट्रात रायफल आधी रुजली आणि पिस्तूल मागाहून आले. छात्रसेनेत पिस्तूल नव्हते, हे त्याचे सरळ कारण. दुसरे कारण पिस्तुलाच्या स्वभावातच आहे. रायफलची नळी लांब असते. ती भलत्या दिशेला वळू लागली तर शेजारच्यास ते दिसते. पिस्तूल मनगटाच्या एका हालचालीने पूर्ण वळते आणि वळल्याचे धरणाऱ्यालाही उमगत नाही. मागून कोणी हाक मारली की माणूस स्वाभाविकपणे वळून पाहतो. हातात पिस्तूल असलेला नवशिका वळला तर सोबत पिस्तूलही वळते. रेंजवर नेमबाजास मागून हाक मारू नये, हा संकेत या साध्या अनुभवातून आला आहे.

१९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांच्या निमित्ताने पुण्याजवळ बालेवाडी येथे शिवछत्रपती क्रीडासंकुल उभे राहिले आणि २००८ मध्ये तेथे राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा झाल्या. त्या स्पर्धेत राही सरनोबत हिने सुवर्णपदक मिळविले.

कोल्हापूरचे उदाहरण

महानगराबाहेर हा खेळ रुजू शकतो, हे कोल्हापूरने सिद्ध केले. तेजस्विनी सावंत हिने २००६ च्या मेलबर्न राष्ट्रकुल स्पर्धेत रायफल प्रकारात सुवर्णपदके मिळविली. २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात ती जगज्जेती झाली. असा मान मिळविणारी ती पहिली भारतीय महिला नेमबाज. तिच्याच शाळेत शिकणाऱ्या आणि छात्रसेनेत बंदूक हाताळलेल्या राहीला या यशाने प्रेरणा दिली. राहीने मात्र रायफल सोडून पिस्तूल निवडले. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत तिने अनिसा सय्यद हिच्यासह २५ मीटर पिस्तूलच्या जोडी प्रकारात सुवर्ण मिळविले. वैयक्तिक सुवर्ण अनिसाचे होते. २०१४ च्या ग्लासगो स्पर्धेत राही वैयक्तिक विजेती ठरली. त्यानंतर कोपराच्या दुखापतीने तिला खेळापासून दूर राहावे लागले. ती परतली आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत थायलंडच्या नेमबाजाशी ३४-३४ अशी बरोबरी झाल्यावर दोन वेळा झालेल्या शूट-ऑफमध्ये जिंकली. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण मिळविणारी ती पहिली भारतीय महिला होय. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळे याने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवून ही परंपरा खेड्यापर्यंत नेली.

राहीच्या दुखापतीचा उल्लेख येथे मुद्दाम केला आहे. सुरक्षितता म्हटले की गोळीपासून बचाव एवढेच डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात सव्वा किलोच्या आसपास वजनाचे साधन एका हाताने, कोपर न वाकविता, दिवसातून शेकडो वेळा उचलावे लागते. खांदा, कोपर व मनगट यांची तयारी न करता तासन् तास सराव करणारा उत्साही नवशिका पहिली इजा स्वतःच्याच शरीरास करून घेतो. मैदानावर दक्ष असलेले पालक व शिक्षक या गोष्टीकडे अनेकदा दुर्लक्ष करतात.

शिक्षणाच्या पायऱ्या

भारतातील पिस्तूल नेमबाजीचा प्रारंभ १० मीटर एअर पिस्तूलपासून होतो. ४.५ मिलिमीटर व्यासाचा शिशाचा छर्रा, दाबाखालील हवा आणि साडेअकरा मिलिमीटर व्यासाचे दहा गुणांचे वर्तुळ, एवढाच हा व्यवहार. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार .१७७ बोअरच्या मर्यादेतील आणि २० ज्यूलपेक्षा अधिक ऊर्जा नसलेल्या एअर शस्त्रास परवाना लागत नाही. स्पर्धेचे एअर पिस्तूल या मर्यादेच्या बरेच खाली असते. परवाना लागत नाही म्हणून ते खेळणे ठरत नाही. जवळून लागलेला छर्रा डोळा कायमचा निकामी करू शकतो. तसेच हवेच्या नळकांड्यात सुमारे २०० बार दाब असतो. या नळकांड्यावर निर्मितीची किंवा वैधतेची तारीख कोरलेली असते आणि दहा वर्षांनंतर ते वापरू नये असा दंडक आहे. जुने पिस्तूल स्वस्तात मिळाल्याच्या आनंदात ही तारीख पाहण्याचे राहून जाते.

नवशिक्याचे पहिले काही आठवडे छऱ्याविना जातात. पिस्तूल उचलणे, मागची खाच व पुढचे टोक एका रेषेत आणणे, ट्रिगर हळू दाबणे आणि नेम साधला नाही तर ट्रिगर न दाबता पिस्तूल खाली आणणे, याचा कोरडा सराव चालतो. यांतील शेवटची गोष्ट सर्वांत कठीण. मारण्यापेक्षा न मारण्याचा निर्णय घेता येणे ही पिस्तूल नेमबाजाची खरी प्रगती मानली जाते आणि हीच क्षमता सुरक्षिततेचाही पाया ठरते. एअर पिस्तूलच्या ट्रिगरला किमान ५०० ग्रॅम ताण आवश्यक असतो, तर २५ मीटरच्या .२२ पिस्तुलास किमान १००० ग्रॅम. हा आकडा ऐकून नवशिक्यास ट्रिगर जड असेल असे वाटते. प्रत्यक्षात अर्धा किलो ताण बोटाच्या टोकाला जवळजवळ जाणवत नाही. म्हणूनच नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरच्या कड्याबाहेर, चौकटीला लागून ताठ ठेवण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावतात.

रेंजवरील व्यवस्था आज्ञांवर चालते. ‘लोड’ या आज्ञेपूर्वी कोणी पिस्तूल भरीत नाही, ‘स्टॉप’ म्हटल्यावर कोणी एकही गोळी झाडत नाही. पिस्तूल टेबलावर ठेवले की त्याच्या नळीतून भडक रंगाची सुरक्षा-पट्टी आरपार घातलेली दिसली पाहिजे, म्हणजे दुरूनही ते रिकामे असल्याचे कळते. कागदी लक्ष्य बदलण्यासाठी कोणी पुढे गेले असता मागे राहिलेल्यांनी पिस्तुलास स्पर्शही करू नये, हा नियम सर्वांत अधिक वेळा सांगावा लागतो. इलेक्ट्रॉनिक लक्ष्ये आल्यापासून पुढे जाण्याचा प्रसंग कमी झाला. लहान गावात मात्र अद्याप कागद व पुठ्ठा हेच साधन परवडते, म्हणून तेथे हा नियम अधिक मोलाचा. .२२ पिस्तुलाकडे वळल्यावर कानावरील संरक्षण अपरिहार्य होते. बारुदी शस्त्राचा आवाज क्षणभर का होईना १४० डेसिबलच्या वर जातो आणि त्याने झालेली हानी भरून येत नाही. बंदिस्त दालनात शिशाची धूळ साचते. सरावानंतर हात धुतल्याशिवाय डबा उघडू नये, हा नियम त्यासाठी आहे.

प्रॅक्टिकल नेमबाजी : धावत्या पिस्तुलाचा खेळ

वर वर्णिलेल्या खेळात नेमबाज एका जागी उभा असतो. पोलीस वा सैनिकास मात्र असे उभे राहण्याची सवड मिळत नाही, ही जाणीव जुनी आहे. शांघायच्या नगर पोलीस दलात फेअरबेर्न व साइक्स या अधिकाऱ्यांनी दोन महायुद्धांमधील काळात पिस्तूल प्रशिक्षणाची नवी पद्धत घडविली आणि १९४२ मध्ये त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. या दलात शीख शिपायांची मोठी तुकडी होती, म्हणजे या प्रयोगाशी भारतीयांचा संबंध अगदीच दूरचा नाही. १९५० च्या दशकात कॅलिफोर्नियात जेफ कूपर व त्यांच्या सहकाऱ्यांनी कमरेच्या होल्स्टरमधून पिस्तूल काढून नेम साधण्याच्या स्पर्धा सुरू केल्या. त्यातून १९७६ च्या मे महिन्यात मिसूरी राज्यातील कोलंबिया येथे इंटरनॅशनल प्रॅक्टिकल शूटिंग कॉन्फेडरेशन स्थापन झाले. अचूकता, शक्ती आणि वेग या अर्थाचे तीन लॅटिन शब्द हे त्याचे बोधवाक्य. मिळालेले गुण लागलेल्या वेळाने भागून येणारा आकडा निकाल ठरवितो. नेमबाज भरलेले पिस्तूल घेऊन चालतो, धावतो, आडोशामागून नेम धरतो आणि मॅगझिन बदलतो.

असा खेळ अपघातांचे आगर ठरावयास हवा होता. तो तसा ठरला नाही, याचे श्रेय त्याच्या कठोर नियमांना आहे. पिस्तुलाचे तोंड लक्ष्याच्या दिशेपासून डावी-उजवीकडे नव्वद अंशांपलीकडे गेले की स्पर्धक संपूर्ण स्पर्धेतून बाद होतो. त्याची चूक एका फेरीपुरती मोजली जात नाही. पिस्तूल भरताना, रिकामे करताना अथवा चालताना गोळी सुटली तरी तोच निकाल. चालताना बोट ट्रिगरच्या कड्यात दिसले, तरी तेच. पिस्तूल हातातून पडले तर स्पर्धकाने ते उचलावयाचे नाही. रेंज ऑफिसर ते उचलतो, तपासतो आणि रिकामे करून परत देतो. पडणारी वस्तू झेलण्याची प्रतिक्षिप्त क्रिया मनुष्यमात्रात असते आणि झेलताना बोट नेमके ट्रिगरवर पडते, हे ध्यानात घेतले असता या नियमाचे शहाणपण कळते. शस्त्र हाताळण्यासाठी राखून ठेवलेल्या सुरक्षित जागेत काडतुसास हात लावता येत नाही, मग ते बनावट का असेना. पोलादी लक्ष्य सात मीटरपेक्षा जवळ असता त्यावर गोळी झाडता येत नाही, कारण शिशाचे तुकडे उलटून येतात. फेरी संपल्यावर पिस्तूल रिकामे करून दाखवावे लागते, रेंज ऑफिसर नळीच्या आत डोकावतो आणि त्यानंतरच रेंज मोकळी झाल्याचे घोषित होते. छात्रसेनेतील ‘जाँच शस्त्र’चेच हे दुसरे रूप होय.

कूपर यांच्या नावाने प्रसिद्ध असलेले चार नियम आज जगभर शिकविले जातात. प्रत्येक शस्त्र भरलेलेच आहे असे समजून वागावे. ज्यास इजा करावयाची नाही त्याकडे तोंड वळवू नये. नेम साधेपर्यंत बोट ट्रिगरपासून दूर ठेवावे. आणि लक्ष्य तसेच लक्ष्याच्या पाठीमागे काय आहे हे ओळखून असावे. यांतील कोणत्याही एका नियमाचे उल्लंघन झाले तरी उरलेल्यांमुळे माणूस वाचतो, अशी ही रचना आहे. अनेक देशांत नवशिक्याला प्रथम सुरक्षा-अभ्यासक्रम व परीक्षा पूर्ण करावी लागते. कॅनडात त्यासाठी ‘ब्लॅक बॅज’ नावाचा अभ्यासक्रम आहे. परीक्षेत वेगाला महत्त्व नसते. पहिल्या स्पर्धेत नवशिक्याने धावूच नये, चालत जावे आणि शेवटचा क्रमांक आनंदाने स्वीकारावा, असा अनुभवी मंडळींचा सल्ला असतो.

महाराष्ट्रात हा प्रकार नागरिकांमध्ये रुजला नाही. ज्या ९ मिलिमीटर काडतुसावर जगभर तो प्रामुख्याने खेळला जातो, ते येथे निषिद्ध बोअरमध्ये मोडते. परिणामी हालचालीसह पिस्तूल चालविण्याचे शिक्षण पोलीस व सैन्यदलांपुरते मर्यादित राहिले. क्रीडाप्रेमींना ही उणीव वाटते. तथापि इतिहासाकडे पाहता एक वेगळी बाजूही दिसते. कायद्याच्या कडक चौकटीमुळे येथील नवशिक्यास हवेच्या पिस्तुलापासून .२२ पर्यंत आणि तेथून पुढे अशा पायऱ्या सावकाश चढाव्या लागल्या. ही शिडी कोणी सुरक्षिततेचा विचार करून आखली नव्हती. परवान्याच्या धोरणातून ती आपसूक तयार झाली. प्रॅक्टिकल प्रकार येथे कधी आलाच, तर तो या शिडीच्या वरच्या पायरीवर यावा, तळाशी नव्हे, असे म्हणावे लागते.

उमरग्यातून रेंजकडे

या शिडीची पहिली पायरी मात्र उमरग्यापासून दूर आहे. बालेवाडी साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास आणि हैदराबाद त्याहून बरेच जवळ, तेही त्याच महामार्गावर ज्यावरून १९४८ मध्ये सैन्य गेले. हैदराबाद हे ऑलिंपिक पदकविजेत्या गगन नारंगचे गाव. त्याच्या अकादमीचा आरंभ २०११ मध्ये झाला तो मात्र पुण्यात. तालुक्यातील विद्यार्थ्याला छात्रसेनेत .२२ रायफल भेटते आणि शिबिर संपताच ती शस्त्रागारात परत जाते. पुढची पायरी शहरात भाड्याची खोली घेणाऱ्यालाच चढता येते. सुरक्षित शिक्षण दूर असले की असुरक्षित कुतूहल जवळचे वाटू लागते. लग्नाच्या वरातीत हवेत गोळी झाडण्याचे प्रकार देशभर घडत राहिले. २०१९ च्या दुरुस्तीने त्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठरविली. त्याच दुरुस्तीने एका व्यक्तीजवळील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे केली. नेमबाजांसाठी स्वतंत्र सवलती कायम राहिल्या. हवेत गोळी झाडणारा कूपर यांचा चौथा नियम मोडत असतो. वर गेलेली गोळी खाली येणारच, आणि ती कोठे येईल हे त्यास ठाऊक नसते.

१० मीटर एअर पिस्तूलला फार मोठी जागा लागत नाही. नेमबाजाच्या उभे राहण्याच्या रेषेपासून लक्ष्यापर्यंत दहा मीटर, लक्ष्याचा मध्य जमिनीपासून १.४० मीटर उंचीवर, मागे छर्रे अडविणारा पोलादी पेटीचा सापळा आणि भक्कम भिंत, उत्तम प्रकाश, व नेमबाजांच्या पुढच्या बाजूस उघडणारे एकही दार नाही, अशी एक लांबट खोली पुरते. १९९३ च्या भूकंपानंतर उमरगा व लोहारा परिसरात गावोगाव नव्या इमारती उभ्या राहिल्या. महाविद्यालयांकडे सभागृहे आहेत. जागेपेक्षा अवघड आहे तो प्रशिक्षित माणूस, जो प्रत्येक वेळी नळीत डोकावून पाहील आणि ओळखीच्या घरचा मुलगा आहे म्हणून न पाहता ‘ठीक आहे’ म्हणणार नाही. पिस्तुलांना कुलूपबंद कपाट हवे, छर्रे निराळ्या कपाटात हवेत आणि दोन्ही किल्ल्या एकाच हाती नसाव्यात. नोंदवहीत पिस्तुलाचा क्रमांक, घेणाऱ्याचे नाव, वेळ आणि परत घेणाऱ्याची सही असावी. हवेच्या नळकांड्याची तारीख त्याच पानावर लिहावी.